मुलतानी, काळी चार

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटली तर वाटू दे, मला कोणाकडून शाबासकी नको. ती आयुष्यभर भरपूर मिळाली, आणि त्यातली एकही माझी नव्हती.

माझं नाव चिमा. आडनाव लिहीत नाही. संगीताची प्राध्यापक म्हणून निवृत्त व्हायला थोडी वर्षं उरली आहेत.

साल १९८६, मार्च महिना. गाव रत्नागिरी, मांडवी. आणि वेळ रात्रीची नाही. भर दुपारची. आमच्याकडे टळटळीत दुपारी बारा वाजता बाहेर फिरू नये म्हणतात, ते उगाच नाही.

मांडवीत गोदाताई गाणं शिकवायच्या. त्यांच्याकडे आम्ही दोघी. मी कचेरीतल्या कारकुनाची मुलगी. दुसरी राही. तिची आई आवडाबाई, डोक्यावर टोपली घेऊन मासे विकायची. बाप समुद्रावर गेला तो परत आलाच नव्हता.

बी.ए. दोघींनी एकदमच केलं. आता मुंबईच्या एका विद्यापीठात संगीताचं एम.ए. करायचं होतं. अर्जासोबत गाण्याची कॅसेट पाठवायची. ती पसंत पडली तर प्रत्यक्ष गायला बोलावणार. जागा फक्त आठ.

कॅसेटवर बोलायचं नाही, नाव सांगायचं नाही. नुसतं गाणं. नावाची चिठ्ठी वरून चिकटवायची.

ताईंच्या टेपरेकॉर्डरवर एकाच दुपारी दोघींचं गाणं भरलं. राग एकच, मुलतानी. पट्टीही एकच, काळी चार. मी आधी गायले. बरं झालं.

मग राही गायली.

मुलतानीत एक गंधार असतो, फार खाली ठेवावा लागतो. राहीनं तो लावला आणि तबलजी ठेका धरायचा विसरला. पुन्हा पहिल्यापासून भरावं लागलं.

ती तोंड धुवायला बाहेर गेली तेव्हा ताई माझ्यादेखत तबलजीला म्हणाल्या, "एकीलाच घेतलं, तर राहीला घेतील."

मी तिथेच बसले होते. निदान मी उठून जाईपर्यंत तरी थांबायचं.

दोन्ही पाकिटं ताईंनी रजिस्टरनं टाकायला माझ्याकडे दिली, कारण राही सकाळी आईबरोबर बाजारात असायची. घरी कोणी नव्हतं. चहाचं आधण उकळत होतं. त्या वाफेवर मी दोन्ही कॅसेटवरच्या चिठ्ठ्या सोडवल्या...

आणि उलटसुलट चिकटवल्या.

हात थरथरला नाही. त्याचीच मला आजही लाज वाटते.

एप्रिलच्या शेवटी मला बोलावणं आलं. बावीस मे, सकाळी अकरा. राहीला दोन ओळींचं नकाराचं पत्र. तिच्या नावावर माझाच गळा नापास झाला होता.

ती पत्र घेऊन आमच्याकडे आली.

"चिमे, माजं काय चुकलं गो? तू ऐकलं होतंस ना?"

"गंधार जरा जास्त खाली गेला असेल," मी म्हटलं.

हे मी खरोखर म्हटलं. तिच्याकडे जगात एकच गोष्ट होती, आणि मी नेमका त्यावरच पाय दिला.

राहीनं गाणं सोडलं. आईबरोबर टोपली घेऊन बसू लागली. मेच्या पहिल्या आठवड्यात बायकांबरोबर आरे-वारेच्या खडकांवर कालवं काढायला गेली. ओहोटी होती, समुद्र शांत होता. बायका म्हणाल्या, ती कोयती ठेवून कडेला गेली आणि कुणाशी तरी बोलल्यासारखी उभी राहिली. पाय घसरला की काय झालं, कोणी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सापडली.

दहावं मांडवीच्या किनाऱ्यावर केलं. पिंड ठेवला. होडीच्या काठावर पाच-सहा कावळे बसले होते.

एकही हलेना.

राहीचा मामा, रावजी, हात जोडून म्हणाला, "तुझ्या आयेला मी सांभाळीन." कावळे बसलेले. कोणी म्हणालं, "तुझ्या नावानं देवळात दिवा लावू." कावळे बसलेले. बारा वाजले. वाळू तापून पाय भाजत होते. लोक एकमेकांकडे बघू लागले.

आवडाबाई दूर बायकांत बसली होती. ती उठली आणि सरळ माझ्याकडे आली.

"चिमे, तू बोल."

"मी काय बोलू, काकी?"

"तिचा जीव कशात अडकलाय ता तुला ठावं हाय."

खाई त्याला खवखवे. सगळे बघत होते. काहीतरी बोलून सुटावं म्हणून मी पिंडासमोर गेले, हात जोडले आणि पुटपुटले, "राही, तुझी गाण्याची परीक्षा मी देईन. तुझं गाणं मी पुरं करीन."

शब्द संपला नाही, तोच कावळा आला.

शिवला नुसता नाही. सगळा पिंड खाल्ला.

लोकांनी सुस्कारा सोडला. पिंडापाशी दिलेला शब्द म्हणजे काय, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं. मला तो फक्त निसटण्याचा रस्ता वाटला होता.

त्याच दुपारी मी घरी तानपुरा काढला. परीक्षा तोंडावर आली होती. भीती वेगळीच होती. मुंबईतल्या लोकांनी कॅसेटवर राहीचा आवाज ऐकलेला. माझा ऐकला की चोरी उघडी पडणार. घसा बसलाय असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं.

सा लावायला तोंड उघडलं...

काहीच ऐकू आलं नाही.

तानपुरा ऐकू येत होता. बाहेर कोंबड्या ऐकू येत होत्या. फक्त माझा आवाज नव्हता.

आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "राही आली काय गो? आत बोलाव की तिला..."

मग तिला आठवलं. हातातलं भांडं खाली पडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी गोदाताईंकडे गेले. त्यांच्यासमोर तोंड उघडलं. मला परत काही ऐकू आलं नाही, पण ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझ्या तानपुऱ्याच्या तारांवर हात ठेवला.

"तू कॅसेटचं काय केलंस, चिमा?"

मी तानपुरा गवसणीत घालू लागले.

"माझ्या घरात पुन्हा गाऊ नकोस," त्या म्हणाल्या. त्यानंतर मरेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

तरीही मी मुंबईला गेले. कशी गेले विचारू नका. हावरटपणाला भीती वाटत नाही, एवढंच सांगते.

एस.टी.नं एक दिवस आधी पोचले, मावशीकडे उतरले. बावीस तारखेला अकरा वाजता एका मोठ्या खोलीत मला बोलावलं. समोर तिघं परीक्षक. एक वयस्क बाई, दोन पुरुष. तबलजी त्यांचाच.

"पट्टी?"

"काळी चार."

"कॅसेटवर मुलतानी होता ना? वेळ त्याची नाही, पण तोच ऐकवा."

मी तोंड उघडलं.

काही नाही.

वाटलं, या वेळी खरंच कोणालाच काही ऐकू येत नाही. आता हे हसतील, हाकलतील, आणि बरंच होईल. पण तबलजीनं ठेका धरला. बाईंनी डोळे मिटले. माझा गळा हलत होता. श्वास कुठे घ्यायचा ते मी ठरवत नव्हते.

मला ऐकू येत होतं फक्त पाणी. खडकाच्या कपारीत शिरतं आणि परत निघतं, तसं... सावकाश... विलंबित लयीत.

गंधाराची जागा आली तेव्हा माझी छाती भरून आली. दुःखानं नाही. पाण्यानं. नाकातोंडात खारट चव. मला खोकायचं होतं, उठायचं होतं, कोणीतरी धरा म्हणायचं होतं. पण गळा गात राहिला. समोर तिघंजण माना डोलवत होते आणि मी त्यांच्यासमोर बुडत होते.

वीस मिनिटं.

थांबले तेव्हा एक परीक्षक डोळे पुसत होता. बाई म्हणाल्या, "रडतेस कशाला? पहिलं नाव तुझंच."

एम.ए. झालं. पहिला वर्ग, सुवर्णपदक. प्रत्येक मैफिलीत तेच. टाळ्या ऐकू यायच्या, गाणं नाही. आणि प्रत्येक वेळी गंधारावर छातीत पाणी.

८८ साली रत्नागिरीला नोकरी लागली. पहिल्याच दुपारी आवडाबाई दारात. टोपली पायरीवर ठेवून बसली.

मला राहवलं नाही. मी तिचे पाय धरले. चिठ्ठ्या, वाफ, सगळं सांगितलं.

तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "ठावं हाय माका. माज्या पोरीचा गळा मी वळखत नाय काय? तू घरी बसून गायलीस ता ऱ्हस्त्यावरनं ऐकलंय मी. पण पिंडाजवळ तुला बोलावली ती त्याच्या आधीच, संशय होता म्हणून. पोरगी रडत सांगत होती, चिमा म्हणते गंधार चुकला. माज्या राहीचा गंधार चुकंल?"

मग म्हणाली, "आता गा."

मी गायले. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. संपल्यावर माझ्याकडे न बघता, माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "दमलीस काय गो, राही?"

माझे ओठ हलले.

"नाय, आये."

राहीचा आवाज मला ऐकू आला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"जेवलीस?"

मग...

"पाणीच हाय गो. नुसतं पाणी."

आवडाबाईनं पदरानं डोळे पुसले, टोपली उचलली. "उद्या येतंय," म्हणाली. कुणाला म्हणाली ते विचारायची गरज नव्हती.

अकरा वर्षं ती रोज दुपारी आली. माझं लग्न झालं, मुलगी झाली, तरी आली. नवऱ्याला वाटायचं, बाईला गाण्याची आवड आहे. नव्व्याण्णव साली ती वारली.

त्यानंतर दुपारी घर निजलं की माझं तोंड आपोआप उघडायचं. "आये आली नाय अजून?" रोज तेच. मी पदराचा बोळा तोंडात धरून पडायचे. तिला सांगायचं धाडस मला कित्येक वर्षं झालं नाही.

गेल्या महिन्यात झालं. कंटाळले होते. मी म्हटलं, "तुझी आये मेली. कधीच मेली. ती यायची नाही."

मग माझ्या तोंडून बारीक आवाजात आलं, "मग आता मी कुणाकडं ऱ्हाऊ?"

पलीकडच्या खोलीत माझी मुलगी रियाज करत होती. तिला एम.ए.ला जायचं आहे, पुढच्या महिन्यात तिची प्रवेशाची चाचणी आहे. गळा साधाच आहे पोरीचा, माझ्यासारखा.

मी तोंडानं काही बोलले नाही. शपथेवर सांगते. पण मनात जे आलं ते आलं... जा तिच्याकडे.

पलीकडचा आवाज तानेच्या मध्येच थांबला.

मी घाबरून स्वतःशीच गुणगुणले. आणि मला ऐकू आलं. माझंच. जाडसर, थोडं नाकातलं, बेताचं. मी हरखून गेले. मिनिटभर गुणगुणत बसले.

मग मुलीची आठवण झाली.

तिची खोली आतून बंद होती. आतून तानपुरा वाजत होता आणि दाराच्या फटीतून मुलतानी येत होता, असा की माझे परीक्षकही उठून उभे राहिले असते.

मी दार वाजवलं नाही. चाचणी होऊ दे, मग बघू, असं मी ठरवलं आहे.