पुतळ्याच्या मानेतली टाचणी

ही गोष्ट खरी आहे. लोकांना उगाच घाबरवायची हौस माझ्या वयात उरत नाही.

रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती. जागा, माझ्या दादाचं शिंप्याचं दुकान.

पुढे मशीन, मागे कापायची खोली. खिडकी नाही. कोपऱ्यात जुन्या मास्तरांचा कापडी पुतळा. दादा मास्तरांच्याच हाताखाली शिकला. ते फार बोलत नसत. चूक दिसली की पुतळ्यावरच्या कपड्याला तिथं टाचणी टोचत.

म्हणजे, उसव. पुन्हा कर.

मास्तर गळ्याच्या दुखण्यानं गेले. शेवटी भर उन्हाळ्यातही मफलर सोडत नसत.

त्या वर्षी दादाच्या जिभेला, डाव्या कडेला, फोड आला. टाचण्या दातांत धरायची सवय, म्हणून म्हणाला, "टाचणी लागली असेल."

फोड बरा होईना. डॉक्टरांनी मलम दिलं. दातांच्या डॉक्टरांनी दाढ घासून दिली.

वहिनी म्हणायची, "अहो, मोठ्या दवाखान्यात दाखवा की."

"लग्नाचे कपडे हातात आहेत. तेवढे संपू देत."

"ते कसे संपतील? लोकांनी लग्नं करणं सोडलं तरच."

एका दुपारी दादा मागच्या खोलीत गेला, तर पुतळ्याच्या उघड्या मानेत टाचणी...

डाव्या कानाखाली.

त्यानं काढली. डबीत टाकली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिथंच.

"तू टोचलीस?" त्यानं वहिनीला विचारलं.

"मला घरची कामं थोडी आहेत का?"

तो काढत राहिला. ती येत राहिली.

मग ती दुपार. दादा आत कापड बेतत होता. बाहेर शटर दाणकन खाली आलं. दिवा गेला.

त्याला हाक मारायची होती.

तोंड उघडेना...

जबडा बरेच दिवस आखडत चालला होता. घास बारीक करून खायचा, पण कुणाला बोलला नव्हता. आता दातांत बोटही जाईना. घशातून नुसती घरघर.

चाचपडत शटरपाशी गेला. ते हलेना.

मागे, अंधारात...

टिक्.

डबीत टाचणी पडल्यासारखं.

मग कुणीतरी खाकरलं. तोंडावर मफलर धरून खाकरावं तसं.

आणि डाव्या कानाखाली टोचलं.

दादानं हात नेला. टाचणी नव्हती. गाठ होती. कातडीखाली बटण शिवल्यासारखी, घट्ट.

वहिनी डबा घेऊन आली तेव्हा तो दुकानाच्या दाराशी बसला होता, घामानं निथळत. त्यानं खुणेनं विचारलं, शटर कुणी उघडलं?

"उघडायचं काय त्यात? वरच तर होतं."

त्याच दिवशी दोघं मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंची बोटं थेट त्याच जागी गेली.

"इतके दिवस कुठं होतात?"

ऑपरेशनच्या आधी दादानं हे सगळं मला मिटल्या दातांतून सांगितलं. नंतर त्याला बोलता आलं नाही. पुढचा उन्हाळा त्यानं पाहिला नाही.

आता दुकान माझ्या बहिणीचा मुलगा चालवतो. परवा ब्लाउज सैल करून घ्यायला गेले होते. पुतळ्याकडे नजर गेली.

मानेत टाचणी. या वेळी बरोबर मध्ये, कंठाशी.

"ही कुणी टोचली रे?"

"काय माहीत, मावशी. रोज काढतो, रोज असते."

त्याचा आवाज घोगरा येत होता.

"घसा कधीपासून बसलाय?"

"झाले दोन-तीन महिने. होईल बरा. ब्लाउज दे."

"ब्लाउज राहू दे. चपला घाल."

"मावशी, गिऱ्हाईक यायचंय..."

"येऊन जाईल. तू ऊठ."

टाचणीला मी हात लावला नाही. त्यालाही लावू दिला नाही. शटर ओढताना मात्र आत पाहिलं...

टाचणी नव्हती.

दवाखान्यात त्याच्या घशातला तुकडा तपासायला घेतलाय. रिपोर्ट यायचाय. मी रात्रंदिवस एकच आठवतेय. चूक दुरुस्त झाली की मास्तर टाचणी काढून घेत.

आणि कापड वाया गेलं, की तेव्हाही.