सावलीचा दोरा

रादोय गवंडी आयुष्यभर लोकांची घरं बांधत आला आणि म्हातारपणी बाहुलीचं घर बांधायला बसला. रोदोपीच्या डोंगरातल्या आमच्या गावाला हसायला तेवढंच निमित्त. पण घर होतं त्याचंच, हुबेहूब: दगडी कौलं, लाकडी सज्जा, चूल, चुलीपाशी बोटभर स्टूल. त्याची बायको डेन्का तसल्याच स्टुलावर बसून मिरच्या भाजायची. ती गेल्यापासून त्याला राहतं घर खायला उठत होतं.

शेजारची वेलिका म्हणायची, "रादोयभाऊ, माझी सावली तेवढी मोजू नका हं. मला अजून जगायचंय."

आमच्याकडच्या गवंड्यांची जुनी रीतच तशी. माणसाच्या नकळत त्याच्या सावलीएवढा दोरा कापायचा आणि बांधकामात पुरायचा. भिंत टिकते, माणूस मात्र फार दिवस काढत नाही. मग तोच त्या घराचा राखणदार होऊन राहतो. रादोयला वाटलं, मेलेल्या माणसाला कसली भीती? एका दुपारी खिडकीतून ऊन आलं आणि समोरच्या भिंतीवर, तिचा कोट टांगायच्या खुंटीखाली, डेन्काच्या कोटाची सावली दिसली. नजर अधू झालेली, तरी ती त्याने लगेच ओळखली. त्याला रडूच आलं. त्याने दोरा लावला, कापला, छोट्या उंबऱ्याखाली ठेवून वरून चुन्याने लिंपला. घर पुरं झालं.

तिन्हीसांजेला त्या घरातून आवाज आला. खुर्र... खुर्र... कुणीतरी स्टूल चुलीकडे ओढत होतं. भाजक्या मिरचीचा वास सुटला. रादोय कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेलिका वाडगाभर गरम सूप घेऊन आली. अंगात डेन्काचा कोट.

"हा... कधी नेलास?"

"घ्या! तुम्हीच नाही का दिलात, ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी? तेव्हापासून माझ्याकडेच आहे."

रादोयने भिंतीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. खाली त्याची स्वतःची सावली पडली होती, आणि खांद्यावरच्या घोंगडीमुळे ती थेट कोटासारखी दिसत होती.

"वेलिका... काल इथे मीच उभा होतो गं."

वेलिकाने सूप खाली ठेवलं आणि छातीवर क्रूस काढला.

तो नखांनी छोट्या घराचा उंबरा उकरू लागला. चुना घट्ट बसला होता. त्याच्या हातचं काम कधी कच्चं नसायचंच. तेवढ्यात आत पावलं वाजली. कुणीतरी दारापाशी आलं आणि रादोयच्याच आवाजात हळूच विचारलं,

"डेन्का... आलीस का गं?"