धुरावलेल्या शेपटांचा रस्सा

सत्यवती मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती. समोर कुणीतरी एक मोठी टोपली टेकवली आणि टोपलीच्या झाकणाखालून एक मान वर आली — निळसर, लालसर, सुरकुत्यांची. नाकावरून एक मऊ बोंड लोंबत होतं. त्या मानेनं आधी सत्यवतीकडे पाहिलं, मग मेथीकडे... आणि अर्धी जुडी गेली.

"अवो भाऊ! आवरा न तुमच्या जनावराले!"

टोपलीमागचा माणूस घाईनं खाली बसला. पंचविशीचा असेल. सदरा स्वच्छ धुतलेला, पण बाहीला एक पांढरं पीस चिकटलेलं.

"जनावर नोहे, पक्षी हाये. टर्की म्हंतात याले. अमेरिकेचा हाये." तो जरा थांबला. "अन्... भाऊ नोका म्हनू. माहं नाव गोवर्धन."

"नाव कोनं इचारलं? मी मेथीचं बोलून राहिली."

"मेथी घेतो न. आनखी तीन जुड्या द्या. याले आवडलेली दिसते."

तिनं जुड्या दिल्या. तेवढ्यात त्या पक्ष्यानं मान उलटी वळवली, शेपटीच्या मुळाशी चोच घासली आणि मग एकेक पीस चोचीतून ओढू लागला. सगळा बाजार आपल्याकडे पाहतो आहे याची त्याला खात्री असावी.

"हे काय करून राहिला?" न राहवून तिनं विचारलं.

"नटून राहिला. शेपटीवर तेलाच्या दोन पिवळ्या गाठी असतात. तिथलं तेल काढते अन् पिसाले लावते. पानी लागत नाई मंग."

"खरंच?"

"तुमच्या कोंबड्याबी करतात. पाहजा आज घरी."

तिनं संध्याकाळी पाहिलं. खरंच होतं. वीस वर्षं घरात कोंबड्या होत्या आणि तिनं हे कधी पाहिलं नव्हतं, याचं तिला नवल वाटलं. त्याहून नवल हे की रात्री भाकरी थापताना तिला पक्ष्याची मान आठवत नव्हती... सदऱ्याच्या बाहीवरचं पीस आठवत होतं.

सन छत्तीसची ती थंडी. अकोल्याला एक अमेरिकन मडम राहत असे. तिच्या कोंबडवाड्याचं सगळं काम गोवर्धनकडे होतं. नाताळ जवळ आला की अमरावतीच्या कॅम्पातल्या बंगल्यांवर टर्की पोचवायच्या, काही जिवंत, काही कापून, बर्फात घालून. दर इतवारी तो आगगाडीनं बडनेऱ्याला उतरायचा, तिथून अमरावतीला यायचा आणि कॅम्पात जाण्याआधी बाजारात थांबायचा. सत्यवतीच्या वडिलांच्या, किसनराव माळ्यांच्या दुकानापुढेच.

नाताळ झाला. साहेबांचं नवं वर्षही झालं. संक्रांतीनंतरच्या इतवारी तो आला, तेव्हा त्याच्या हातात टोपली नव्हती.

"आज तुमचा मेथी खानारा साहेब कुठं हाये?" सत्यवतीनं विचारलं.

"आता नाई लागत कोनाले टर्की."

"मंग तुमी काहून आले?"

"मेथी न्याले."

"अकोल्यात मेथी नाई भेटत?"

"भेटते..."

"मंग?"

त्यानं एक जुडी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली. कान लाल झाले होते. "तिथं इतकी बोलत नाई कोनी."

शेजारी बसलेले किसनराव वांगी निवडत होते. त्यांचे हात थांबले. ते खाकरले आणि पुन्हा वांगी निवडू लागले. पण दुकानापुढून उठून जा, असं काही ते म्हणाले नाहीत.

मग बोलणं वाढत गेलं. तो मडमेच्या गमती सांगायचा. ती एकटीच राहते, रविवारी पेटी वाजवते, आणि खाते काय, तर टर्कीची शेपटं!

"शेपटं? पिसं?"

"पिसं नाई वो. पिसं जिथं रोवली असतात तो गड्डा. मुठीएवढा असते. सारी चरबी अन् कुरकुरी हाडं. साहेबलोकाले छाती पायजे, तंगड्या पायजे. शेपटं मडमेकडंच राहतात. तेलाच्या गाठी कापून टाकते, अन् जुन्या पिंपात टांगून धुरी देते, दिवसभर. मोर्शीकडून संत्र्याची लाकडं आनवते त्याच्यासाठी. तांब्यासारखा रंग येते."

"इतकी श्रीमंत मडम, अन् शेपटं खाते?"

"आता हाये. लहानपनी नोहती. तिच्या मायनं सहा लेकरं अशीच शेपटं शिजवून वाढवली म्हने. ज्या दिवशी तिले घर आठवते, त्या दिवशी चुलीजवळ कोनाले येऊ देत नाई. मलेच तेवढं बसू देते."

सत्यवतीनं जुडीतलं एक पिवळं पान खुडून टाकलं. मग तिनं कामाचा प्रश्न विचारला, "रस्सा कसा करते?"

"दोन घंटे मंद जाळावर शिजवते. वर जी चरबी येते तिच्यात गव्हाचं पीठ भाजते, बदामी होतपर्यंत. मंग कांदा, अन् तेच शिजल्याचं पानी."

"मसाला?"

"मिऱ्याची पूड."

"बस?"

"बस."

"बिचारी!" सत्यवती मनापासून म्हणाली. "तिले येसर द्या न कोनी. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजून, धने-लवंगा घालून दळलं का झालं. पीठबी तेच अन् मसालाबी तोच."

"तू करशील त खाईन मी," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला, आणि ते दोघांनाही ऐकू आलं.

माघात किसनरावांनी अकोल्याकडच्या सोयऱ्यांकडून गोवर्धनची चौकशी केली. घर आपल्यातलंच होतं, मुलगा कष्टाळू होता. आईबाप लहानपणी गेलेले, मामानं वाढवलेला. अडचण होती ती मामाचीच. पंजाबरावांनी मोर्शीची एक मुलगी मनात धरली होती. तिच्या बापाचा संत्र्याचा बगीचा होता. गोवर्धननं बाजारातल्या मुलीचं नाव काढलं तेव्हा त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली. म्हणाले, "एकडाव तिच्या हातचं जेवीन. मंग सांगीन. पन माहं 'नाई' आलं, त त्या बाजारात पाय ठेवाचा नाई."

गोवर्धननं मान हलवली. मामाचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता; मोडता येईल असं त्याला वाटतही नव्हतं.

जेवणाच्या आदल्या दिवशी तो बडनेऱ्याच्या रस्त्याला असलेल्या किसनरावांच्या मळ्यात आला आणि अंगणातूनच पळसाच्या पानांत बांधलेला एक पुडा देऊन गेला. मडमेनं खास दिलेली आठ शेपटं. पुडा सोडताच घरभर संत्र्याच्या लाकडाच्या धुराचा वास पसरला, गोडसर, किंचित कडवट. गाठी काढलेल्या आहेत, दोन घंटे शिजव, पाणी फेकू नको, चरबी वर येईल ती वेगळी काढ. तो सगळं सांगत होता, आणि सांगता सांगता तिच्या कपाळावरच्या पिठाच्या बोटाकडे पाहत होता. निघताना त्याला वाटलं, काहीतरी सांगायचं राहिलं. पण गाडीची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सत्यवतीनं पहाटेपासून चूल सोडली नाही. शेपटं शिजून मऊ झाली, कातडी काचेसारखी पारदर्शक दिसू लागली. तिनं चरबीत कांदा परतला, लसूण-खोबऱ्याचं वाटण घातलं, येसर खमंग भाजून सोडलं, तिखट घातलं, आणि शेवटी एवढ्या रश्श्याला नेहमी घालते तेवढं, मोजून, मीठ घातलं. तर्री वर आली. वास असा की शेजारच्या मळ्यातून मैनाबाई विचारायला आली.

चव मात्र तिनं घेतली नाही. पाहुण्याच्या ताटात पडण्याआधी रांधणारीनं चाखलं की ते उष्टं झालं, हा त्यांच्या घरचा नेम होता. तिची आई पार्वताबाई वासावरून मीठ सांगायची, आणि बहुतेक वेळा ते बरोबर यायचं. "बरोबर हाये," त्या दिवशीही ती पातेल्यावर वाकून म्हणाली. धुराच्या वासात बाकी काही कळण्यासारखं नव्हतं.

दुपारी तिघं पाटावर बसले. पंजाबराव, गोवर्धन, किसनराव. सत्यवती वाढून आत आली आणि दाराआडून पाहू लागली.

पंजाबरावांनी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, घास घेतला. चावायचे थांबले. मग गिळला आणि तांब्या उचलला. दुसरा घास... पुन्हा तांब्या. किसनराव भाकरी जास्त आणि रस्सा अगदी टोकाला लावून खाऊ लागले.

आणि गोवर्धन? पहिल्या घासाला त्याचा चेहरा उतरला. पण मग तो भराभर जेवू लागला. वाटी संपवली. "वाढा न आनखी!" पार्वताबाईनं वाढलं. तीही संपवली. "आनखी!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपल्याच वाट्याला जास्तीत जास्त यावं, पातेलं लवकर रिकामं व्हावं, असं त्याचं चाललं होतं.

सत्यवती हे सगळं पाहत होती. मामाजींनी चार घासांत तीनदा पाणी प्यायलं. तिखटानं तहान लागते तेव्हा माणूस नाक पुसतो, सुस्कारे सोडतो. इथं कुणीच तसं करत नव्हतं... ती चुलीशी गेली आणि पळीतला रस्सा तळहातावर घेतला.

"सत्ये!" पार्वताबाई दबक्या आवाजात ओरडली. "पाहुने जेवून राहिले!"

"म्हनूनच," ती म्हणाली, आणि चाटला.

निव्वळ मीठ.

बाहेर गोवर्धनचा आवाज आला. त्याला आतलं ऐकू गेलं असावं. "मामा, चूक माही हाये. धुरी द्याच्या आंधी मडम तीन दिवस मिठाच्या पान्यात ठेवते शेपटं. मीठ त्यातच असते. म्या सारं सांगतलं... हेच राहून गेलं."

"तू गप राह्य," पंजाबराव म्हणाले. "दोनदा मागून खाल्लं तुवा ते. माह्यासमोर. तुले लाज नाई अन् जिभेचं भ्यावबी नाई."

सत्यवती दारात आली. पदर डोक्यावर, हात रश्श्यानं माखलेला. एवढ्या वडीलधाऱ्यांशी ती कधी अशी बोलली नव्हती, पण आता गप्प बसली तर मोर्शी ठरलीच होती.

"मामाजी, अर्धा घंटा थांबान का? ताटं राहू द्या."

"काय करशीन? पिठाचे गोळे सोडशीन?"

"नाई. गोळ्यानं मीठ कुठं जात नाई. पानी बदलाव लागते."

पंजाबरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग मांडी बदलली आणि भिंतीला टेकून बसले.

तिनं शेपटं बाहेर काढली आणि उकळत्या साध्या पाण्यात सोडली. रस्सा अर्धा काढून टाकला. वरची तर्री तेवढी राखली, कारण मीठ चरबीत राहत नाही, पाण्यात राहतं. उरलेल्यात गरम पाणी घातलं. नवं येसर कोरडं भाजलं, लावलं, शेपटं परत रश्श्यात सोडली. चाखलं. आणखी पाणी. पुन्हा चाखलं. पार्वताबाई तोंडाला पदर लावून बसली होती. तिसऱ्यांदा चाखलं तेव्हा सत्यवतीनं डोळे मिटले. धूर, गोडवा, लवंग आणि मीठ, सगळं आपापल्या जागी होतं.

पंजाबराव जेवले. सावकाश, हाडं चोखून. वाटी पुसून झाल्यावर ते तशाच भरल्या हातानं बसून राहिले.

"याची मामी," ते किसनरावांना म्हणाले, पण आवाज आतपर्यंत जाईल असा. "बावीस वर्षं रांधलं तिनं. कदी चाखलं नाई. कदी खारट, कदी अळनी. म्या कदी सांगतलं नाई, तिनं कदी इचारलं नाई. ती गेली तवा मले समजलं... लय काही राहून गेलं बोलाचं." त्यांनी दाराकडे पाहिलं. "मोर्शीवाल्याले उद्या कार्ड टाकतो. पोरी, आमच्या घरी चाखूनच वाढत जाय."

किसनरावांनी हात जोडले. आत पार्वताबाईनं पदरानं डोळे टिपले आणि मुलीच्या पाठीवर एक धपाटा घातला, कौतुकाचा की रागाचा, ते तिचं तिलाच ठाऊक.

हात धुवायला गोवर्धन मागच्या अंगणात आला. सत्यवती तांब्या घेऊन उभी होती. मळ्यातून वाफ्यांतल्या ओल्या मातीचा वास येत होता. त्यानं ओंजळ पुढे केली. तिनं धार धरली.

"दोनदा मागून खाल्लं," ती हळूच म्हणाली. "येडे आहात का तुमी?"

"आता तहान नाई जात माही."

"मिठाचं सांगाले काय झालं होतं?"

"तुह्यासमोर उभा राह्यलो का... अर्धं सांगाचं राहूनच जाते."

"आनखी काय काय राह्यलं हाये?"

तो पाण्याकडे पाहत राहिला. "एकच."

"मंग सांगून टाका." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "या खेपेले राहू देऊ नोका."

त्यानं मान वर केली आणि सांगितलं. अगदी साधं, चार शब्दांचं. तिनं ते ऐकलं, आणि "मलेबी," एवढंच म्हणाली.

हात केव्हाच धुऊन झाले होते. ती पाणी घालतच राहिली, तांब्या रिकामा होईपर्यंत.