डोहातली जीप

फातिमा दारात आली तेव्हा विमलबाई ओसरीवर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या आणि त्यांचे दीर शेषराव सोललेले दाणे खात होते. त्या घरात कामाची वाटणी बहुधा अशीच असे.

विमलबाईंचे यजमान खामगावचे वकील. ते कोर्टात बोलायचे आणि त्यासाठी लागणारी खरीखोटी माहिती विमलबाई काढून आणायच्या. ते गेले, पण बाकीच्या वकिलांची कामं येतच राहिली. तेव्हा बाईंनी यजमानांच्या पाटीखाली ‘खाजगी चौकशी’ अशी दुसरी पाटी ठोकली. लोक आधी हसले, मग मागच्या दारानं आले, आता पुढच्या दारानं येत. शेषराव तहसिलीतून निवृत्त झालेले. वहिनींसोबत पुरुषमाणूस असावं म्हणून ते सगळीकडे जात. आपण तिथं नेमकं काय करतो, हे त्यांना अजून उमगलं नव्हतं.

फातिमाचा नवरा रज्जाक हा कापसाच्या जिनवाल्या किसनरावांच्या जीपवर ड्रायव्हर. लष्कराच्या लिलावातली ती जीप म्हणजे किसनरावांचा जीव की प्राण. थंडी पडली की तंबू, गळ, भांडीकुंडी भरून ते सातपुड्यात शिरायचे, वाट संपते तिथून पुढं जायचे आणि एखाद्या डोहावर मुक्काम ठोकून मासे धरत बसायचे. या खेपेला दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर जीप नाकापर्यंत डोहात. चाकांना दगड न लावता ड्रायव्हर झोपला, असं म्हणून किसनरावांनी रज्जाकला जागच्या जागी काढून टाकलं. तो घरी पोचायच्या आधी त्याची कीर्ती खामगावच्या मोटारस्टँडवर पोचली होती. आता त्याच्या हाती कुणी हातगाडीसुद्धा द्यायला तयार नव्हतं.

“तो कुराणावर हात ठेवून सांगते बाई, दगड लावले होते म्हणून.”

“शपथ राहू दे. तुले काय वाटते?”

फातिमानं विचार केला. “घरी बाजेच्या पायाले बी वीट लावते तो. रात्री सरकून जाते म्हणून.”

विमलबाईंनी सूप बाजूला ठेवलं. शेषरावांनी ओळखलं, आता बॅग भरायची.

त्यांनी आपलं मत मात्र दिलं. किसनराव म्हणजे एकवचनी माणूस. गेल्या साली त्यांच्या मुलीनं, गीतानं, दुसऱ्या जातीच्या मास्तराशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा हा माणूस फाटकात उभा राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला होता, की त्या घरचं पाणी जन्मात पिणार नाही. आणि खरंच तिच्या सासरची, खारपाणातल्या दादखेडची वाट धरली नाही. असा माणूस उगाच गरिबावर आळ घेईल कशाला?

“त्याले काय दिसलं ते सांगा भाऊजी,” विमलबाई म्हणाल्या. “तो सवता बी तर रात्री झोपलाच होता.”

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं जळगाव जामोद आणि तिथून बैलगाडीनं डोंगराच्या पायथ्याकडे. रज्जाक सोबत होताच. वाटभर विमलबाई त्याला विचारत राहिल्या आणि शेषराव गाडीच्या हादऱ्यांवर लक्ष ठेवून ऐकत राहिले. त्या खेपेला खामगावहून निघताना मालक चांदीवाल्याच्या दुकानी उतरले होते, पानदानाची बिजागरी दुरुस्त करायची म्हणाले. मग कुठं थांबणं नाही. नांदुऱ्याच्या पुढं सगळा खारपाणपट्टा, तिथल्या विहिरींचं खारं पाणी रज्जाक गाडीला देत नसे. रेडिएटरच्या जाळीत मीठ धरतं. म्हणून घरून गोड्या पाण्याचा डबा भरून न्यायचा आणि मुक्कामी पोचल्यावर ओढ्याचं ताजं पाणी घालायचं. या वेळीही तसंच केलं होतं.

“दरसालची जागा हीच काय बे?” बाईंनी विचारलं.

नव्हती. दरसाली ते वान नदीच्या वरच्या अंगाला जात, तिथं वाम मिळते, मरळ मिळते. औंदा ही जागा मालकांनीच काढली होती. वाट वाईट, मासे कमी, आणि सपाट जमीन तर औषधालाही नाही.

जीप तोवर बैल लावून बाहेर काढली होती. अंगभर चिखल वाळवत ती काठावर उभी होती, एखाद्या म्हशीसारखी. बैलांच्या नि माणसांच्या पायांनी उतार पार तुडवला गेला होता, चाकांच्या खुणा शोधायची सोय उरली नव्हती. विमलबाई वर, जिथं ती आधी उभी होती त्या अर्जुनाच्या झाडाकडे गेल्या. बुंध्याशी दोन मोठे दगड एकावर एक ठेवलेले होते. वरच्याला एका बाजूनं रबराचा काळा घासा होता. त्यांनी शेषरावांना तो उचलायला सांगितला. शेषरावांनी उचलला आणि लगेच ठेवला.

मग एकेकाला विचारणं सुरू झालं.

आधी स्वयंपाकी कचरू. तो आधीच वैतागलेला होता. जीप बुडाली त्या दिवशी सांज व्हायच्या आत मालकांनी त्याला डोंगरातल्या वाडीवर दुधाला पाठवलं. म्हशी पिळून होईपर्यंत बसायचं, कालचं दूध आणायचं नाही, असा हुकूम. तो परतला तेव्हा जीप झाडाखाली उभी होती, मालक शेकोटीपाशी होते. “अन् मंग जेवले बी नाही. म्या इतकं कालवण केलं होतं बाई.”

नंतर रंगराव, किसनरावांचे मेहुणे. ड्रायव्हरनं दगड लावले नसतील हे प्रथम बोलले ते हेच. आपला भाचा, दुसऱ्या बहिणीचा मुलगा, चांगली गाडी चालवतो, तो रिकामाच आहे, हे त्यांनी न विचारता दोनदा सांगितलं. शेषरावांनी वहिनींकडे सूचक नजरेनं पाहिलं. त्या संध्याकाळी रंगराव आणि रज्जाक वरच्या खळखळीपाशी गळ टाकून बसले होते. जागा मालकांनीच सुचवली. तिथं पाण्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. अंधार पडल्यावर दोघं एकत्रच परतले. रज्जाकही तेच म्हणाला. जीप जागेवर दिसली, दगड दुपारी लावलेलेच होते, पुन्हा वाकून काऊन पाहावं?

“तुम्हाले येते काय गाडी चालवता?” बाईंनी रंगरावांना विचारलं.

“मले सायकल बी नाही येत.”

हे खरं असावं. माणूस असल्या गोष्टीत खोटं बोलला तर उलट बोलतो.

किसनराव तंबूपुढं घडीच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी पितळी पानदान पुढं केलं. झाकणाची बिजागरी तुटलेली, झाकण शेषरावांच्या हातात आलं. डोकं दुखत होतं म्हणून आपण ती सारी सांज तंबूत पडून होतो, असं ते म्हणाले. गाडी चालवता येते, का नाही येणार, पण ड्रायव्हर असताना मालक चाकाला हात लावत नाही. त्यांच्या पांढरट कोटाच्या डाव्या खांद्यावर मागच्या अंगाला काळा डाग होता. एवढ्या मोठ्या माणसाला जंगलात वंगणानं माखावं लागावं, याचं शेषरावांना वाईट वाटलं.

विमलबाईंनी मग हात धुवायला साबण मागितला. ओढ्यावर धुतले, फेस आला. तरी समाधान होईना. त्यांनी रज्जाककडून रेडिएटरखालची तोटी सोडवून तांब्याभर पाणी घेतलं आणि पुन्हा तोच साबण चोळला. फेस येईना. नुसता फाटक्या दुधासारखा साका हाताला चिकटला. शेषराव म्हणाले, गाडीच्या पाण्यानं कुणी हात धुतं का वहिनी. त्या ओढ्यावर जाऊन हात तिसऱ्यांदा धुऊन आल्या.

दुपारी सगळे अर्जुनाखाली जमले. शेषरावांना धीर निघेना. रंगरावांनी भाच्यासाठी हे केलं असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते त्यांनी मांडलंही. रंगराव भडकले. विमलबाईंनी दोघांना खाली बसवलं.

“गाडी दगडांवरून घसरली असती तर दगड उतारावर पडले असते,” त्या म्हणाल्या. “हे दोन झाडापाशी रचून ठेवले आहेत. म्हणजे कोणीतरी ते मुद्दाम काढले. कशाले? गाडी डोहात लोटायची असती तर तेव्हाच लोटली असती. पण लोकं परतले तेव्हा गाडी इथंच होती. मग गाडी न्यायला काढले. नेली, आणली, उभी केली अन् दगड लावायचे राहून गेले. सवय नसलेला माणूस होता. ब्रेकवर कितीक वेळ थांबणार? रात्री केव्हातरी ती आपली आपण चालली गेली.”

“अन् गेली कुठं होती?” रंगरावांनी विचारलं.

“रज्जाक खारं पाणी घालत नाही. त्यानं घातलं ते या ओढ्याचं, अन् या पाण्यानं साबणाले फेस येते. तिच्या पोटातल्या पाण्यानं येत नाही. माह्यं माहेर खारपाणातलं आहे, ते पाणी मी डोळे झाकून ओळखीन. म्हणजे गाडी खाली पट्ट्यात उतरली, तिथं तापली, अन् कोणीतरी तिले विहिरीचं पाणी पाजलं.”

किसनराव पानदानाचं झाकण फिरवत होते.

“कचरूले दुधाले कोणी पाठवलं? मालकानं. या दोघाले खळखळीवर कोणी पाठवलं? मालकानं. मासे नसलेली ही जागा कोणी काढली?” बाईंचा आवाज खाली आला. “किसनराव, चांदीवाल्याकडे बिजागरीसाठी गेले म्हणता, ती तर अजून तुटकी आहे, अन् पानदान पितळी. तुम्ही वाळे घेतले. खांद्यावर आहे ते वंगण नाही. वंगण हाताले लागते. तिथं काजळ लागते, लेकरानं गाल टेकला की. तीट लावलेलं लेकरू होतं ना?”

किसनरावांनी झाकण पानदानावर ठेवलं.

“दादखेडले ओट्यावरच बसलो,” किसनराव म्हणाले. “आत नाही गेलो. बारसं होणार म्हणून उडत उडत ऐकलं होतं. गीतानं पोरीले आणून सरळ खांद्यावर देल्लं. गाडी तापून फुसफुस करत होती, त्या मास्तरानं बादली आणून ओतली. मी नाही पिलो पाणी.”

“तहान लागली होती?”

“लई.”

मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. सकाळी जीप डोहात पाहिली तेव्हाच चूक कळली होती. पण सांगायचं तर कुठं गेलो होतो ते सांगावं लागलं असतं. तेवढ्यात रंगराव ड्रायव्हरचं नाव बोलले आणि यांनी मान हलवली. ते उठले, रज्जाकपुढं उभे राहिले आणि म्हणाले, चुकलो मी, चाल, गाडी तुझीच आहे.

रज्जाक जागचा हलला नाही. “इथं म्हटलं तर माकडं ऐकतीन मालक. माह्यं नाव मोटारस्टँडवर गेलं.”

विमलबाई मध्ये पडल्या नाहीत. शेषराव पडणार होते, पण त्यांचा हात बाईंनी धरून ठेवला होता.

जीप सुरू करायला रज्जाकला पुढला अर्धा दिवस लागला. खामगावला पोचले तेव्हा स्टँडवर चहाची वेळ होती. ड्रायव्हर, क्लीनर, दोन हमाल आणि सगळ्यांत जुना बसड्रायव्हर रहेमतुल्ला, असे टपरीला लागून बसलेले. फातिमा रॉकेलच्या दुकानाआड उभी होती. किसनराव उतरले. फाटकात उभं राहून बोलायची सवय असलेला तो माणूस, आवाज मात्र बसला होता. पण सांगितलं त्यांनी. रज्जाकनं दगड लावले होते. काढले मी. मुलीच्या घरी गेलो होतो, नात पाहाले, चोरून. आता उजागरीनं जाईन.

टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

“कोणावर गेली?” रहेमतुल्लानं विचारलं.

किसनरावांनी विचार केला. “आवाजानं माझ्यावर.”

हसू फुटलं तसं सगळंच मोकळं झालं. कोणीतरी आणखी चहा सांगितला. रहेमतुल्लानं रज्जाकला बाकड्यावर जागा करून दिली आणि म्हणाला, आमच्या मालकाले भरवशाचा ड्रायव्हर पाह्यजे, उद्यापासून ये. किसनराव घाईनं म्हणाले, तो माझा ड्रायव्हर आहे.

दोघंही रज्जाककडे पाहू लागले. फातिमा पाहत होती, विमलबाई पाहत होत्या, आणि पहिल्यांदाच काय चाललंय ते पुरतं कळल्यामुळं शेषराव तर अगदी पुढं वाकून पाहत होते.

रज्जाकनं कपातला चहा बशीत ओतला, फुंकला, आणि कसलीही घाई न करता प्यायला लागला.