गाळलेले दोघे

त्याची-माझी पहिली भेट झाली ती ड्रेसिंग रूमच्या दारात. मी ट्रॉली ढकलत बाहेर, तो फायली घेऊन आत... आणि कागद सगळीकडे!

"सॉरी सिस्टर, चूक माझीच."

डॉक्टर, आणि आपणहून चूक कबूल? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

मधुमेहाच्या जखमांवर नवं मलम चालतं का, याची चाचणी घ्यायला तो त्याच्या सरांच्या हाताखाली आमच्या वॉर्डात आला होता. राउंड संपला की माझ्या टेबलापाशी रेंगाळायचा.

"तुम्ही पट्टी बदलता तेव्हा पेशंट ओरडत का नाहीत?"

"मी त्यांच्याशी बोलते. तुमच्यासारखं नुसतं लिहून घेत नाही."

"मग माझ्याशीही बोला ना... थोडंसं."

हसला की त्याच्या गालाला खळी पडायची. मी नजर फिरवायची. पेशंट माझं ऐकतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याला मी हवी होते — की माझ्या शब्दावर चाचणीसाठी मिळणाऱ्या संमतीच्या सह्या?

एका बुधवारी त्याने मोठ्या कौतुकाने निकालाचा तक्ता दाखवला. मलम तीस जणांना लावलं होतं. तक्त्यात अठ्ठावीसच.

"शिंपीकाका कुठायत? आणि सात नंबरच्या मावशी? मलमाने दोघांच्या जखमा चिघळल्या की!"

त्याचा चेहरा उतरला. "सर म्हणाले, दोघांनी चाचणी मध्येच सोडली असं लिही."

"आणि तुम्ही लिहिलंत?"

त्याने तक्त्याची घडी घातली.

"उद्या हा तक्ता वाचून कुणी माझ्या आईला हेच मलम लावेल! सह्यांसाठीच माझ्यामागे होतात ना? पुन्हा बोलू नका माझ्याशी."

चार दिवस तो फिरकला नाही. पाचव्या दिवशी दुपारी शिंपीकाकांच्या खाटेशी बसलेला दिसला.

"काका, मलमाने तुमची जखम वाढली. मी ते लपवलं होतं. आता अशा चाचण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीला लेखी कळवलंय."

काकांनी त्याला बराच वेळ निरखलं. "आधीच सांगायचंस रे," एवढंच म्हणाले.

चाचणी थांबली. सरांनी त्याची आपल्या हाताखालून उचलबांगडी केली.

जायच्या दिवशी तो टेबलापाशी आला. "आता मला कुणाच्याच सह्या नकोत. पण तुम्ही... तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून."

"विश्वास कसा ठेवू?"

"ठेवू नका. बघत राहा."

मी बघत राहिले — तो कानापर्यंत लाल होईतो. मग म्हटलं, "साडेचारला माझी ड्युटी संपते."