डाग न पडलेला शर्ट

"काळा नको रे बाबा! या उन्हात काळा शर्ट म्हणजे भट्टीच की!" मोनालीने जितेंद्रच्या पिशवीतला शर्ट ओढून बाहेर काढला.

"मग बिनबाह्यांचा घेतो. मस्त हवा लागेल!"

"हवा नाही, चटके लागतील! वर काटे ओरबाडतील ते वेगळंच. फुल बाह्यांचा हवा, हलका आणि सैल."

"अगं, सरांनी शर्ट दिलाय ना सगळ्यांना? मग कशाला भांडता?" सारिका म्हणाली. एरवी या भांडणात तीच सगळ्यात पुढे असायची. आज तिचं कशातच लक्ष नव्हतं.

कसं असणार? चोपड्याजवळच्या त्यांच्या गावातली मुलं सुट्टीत सातपुड्यात पदभ्रमणाला निघाली होती. पाठीवर सॅक आणि रात्री डोंगरात मुक्काम! दुसरी तुकडी उद्या जाणार होती. पण त्यांचा चौथा भिडू स्वप्नील पहिल्या तुकडीत गेला आणि घाटात कोसळला. ऊन लागलं होतं. आता तो जळगावच्या दवाखान्यात बेशुद्ध पडला होता. वाचेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

"पोरगं उपाशीपोटी चाललं होतं. आईचं दुर्लक्ष, दुसरं काय?" असं शिबिराचे हितेंद्र सर बोलून गेले आणि गावाला तेवढंच पुरलं. गावाच्या तोंडाला हात कोण लावणार!

स्वप्नीलची आई, बेबाबाई, सकाळी कपडे न्यायला घरी आली होती. तिने सारिकाचा हात घट्ट धरला. "मी त्याले उपाशी धाडं नही व, पोरी! कयनानी भाकर खाईसन गया व्हता मना पोऱ्या. कोनी ऐकत नही!"

"तो कळण्याची भाकरी खाऊन गेला, पण काकू, तुम्ही तरी काही खाल्लंत का?"

"तो काही खात नही, मी कशी खाऊ?"

तिने स्वप्नीलची सॅक सारिकाकडे दिली. आतले कपडे तेवढे धुऊन ठेव म्हणाली आणि जळगावची गाडी पकडायला निघून गेली. तिची पाठमोरी चाल पाहून सारिकाला रडू आलं.

तिघांनी हौदापाशी सॅकमधले कपडे बाहेर काढले. पँटवर तपकिरी डागच डाग होते. पहिल्या तुकडीने वाटेत एका बागेत केळीचे घड उचलायला हात लावला होता, त्याचा तो चीक. ओला असताना पाण्यासारखा दिसतो आणि वाळला की कपडा फाटेपर्यंत जात नाही! म्हणून तर इकडे केळीत घालायचे कपडे वेगळेच ठेवतात.

सारिका पँट चोळता चोळता थांबली. तिने शिबिराचा निळा शर्ट उलटसुलट करून पाहिला.

"जितू, घड कुठे धरतात रे?"

"खांद्यावर! हे काय विचारणं झालं?"

"मग पँटवर एवढा चीक सांडला आणि शर्टाच्या खांद्यावर एकही डाग नाही?"

तिघंही शर्टाकडे बघतच राहिले. केळीचा डाग पडत नाही असा कपडा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता!

"थांबा! मी पाहिलाय!" जितेंद्र ओरडला. त्याने शर्ट उलटा केला. आतून तो चकचकीत होता. "माझ्या काकांनी आणला होता असला. केळी कापणाऱ्यांसाठी, चीक लागू नये म्हणून. बाहेरून चीक धरत नाही आणि आतून थर दिलेला असतो. काकांनी एका दुपारीत काढून फेकला! म्हणाले, जीव घुसमटतो. आता तो विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरवर झाकलाय, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून!"

"पाणी आत जात नाही," सारिका सावकाश म्हणाली, "मग घाम बाहेर कसा येणार?"

मोनालीने शर्टाची झोळी करून तांब्याभर पाणी ओतलं. खाली एक थेंब पडला नाही. मग जितेंद्रने तोच शर्ट चढवला आणि मोनालीने घातला तिच्या आईचा शेतातला शर्ट, म्हणजे वडिलांचा जुना, सुती, ढगळ, फुल बाह्यांचा. गावातल्या सगळ्या बायका कापूस वेचताना साडीवर असाच शर्ट घालतात. दोघांनी हापशावर पाणी उपसायला सुरुवात केली. मोनालीलाही घाम आला, पण वाऱ्याची झुळूक आली की तिला गार वाटे. जितेंद्र मात्र थोड्याच वेळात लालबुंद झाला.

"काढा रे हा! डोकं गरगरतंय!" शर्ट काढला तेव्हा त्याच्या अंगावरून घामाचे ओघळ वाहत होते.

तिघं धावत नूतनकडे गेली. ती पहिल्या तुकडीत होती. विचारताच तिचा चेहरा उतरला.

"पाणी तर तो सगळ्यांत जास्त प्यायला. सारखा म्हणत होता, सर, शर्ट काढू का? सर म्हणाले, गणवेश आहे, फोटो निघायचेत, काढायचा नाही. आम्ही गुपचूप बटणं सोडली. स्वप्नीलने ऐकलं त्यांचं."

शहाणं पोर, सांगितलेलं ऐकणारं, आणि त्याचीच ही दशा!

हितेंद्र सरांनी मात्र तिघांना उडवून लावलं. "हलका आहे, फुल बाह्यांचा आहे, आणखी काय हवं? मीच निवडलाय! उद्या वेळेवर या." त्यांच्या स्वतःच्या अंगात मात्र झुळझुळीत सुती सदरा होता. माणूस दुष्ट नव्हता हो. हातात धरून हलका लागला की झालं, एवढीच त्यांची पारख! अंगात घालून पाहायची तसदी कोण घेणार?

"ऐकत नाहीत ना?" सारिकाचे डोळे चमकले. "मग घालायलाच लावू!"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर आईबाप आणि गावातली जाणती माणसं जमली होती. ऊन आत्ताच चावत होतं.

"सर, तुम्हीही गणवेश घाला ना! फोटोत सगळे सारखे दिसू!" मोनालीने गळ घातली.

"आणि सॅकसुद्धा!" जितेंद्रने भरलेली सॅक पुढे केली.

फोटो म्हटल्यावर सर खुलले. शर्ट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली, सॅक पाठीवर घेतली आणि भाषणाला उभे राहिले. सरांचं भाषण कधी आटोपशीर झालं होतं? सातपुड्याच्या थोरवीपर्यंत येता येता त्यांचा चेहरा तांबडा झाला. शब्द अडखळू लागले. शेवटी त्यांनी सॅक टाकली आणि हात बटणांकडे नेला.

"सर, काढू नका!" सारिका मोठ्याने म्हणाली. "गणवेश आहे. फोटो निघायचेत."

सरांचा हात बटणावरच थांबला.

"स्वप्नीलनेही विचारलं होतं ना सर, काढू का म्हणून?" तिने सोबत आणलेला पाण्याचा तांब्या उचलला आणि सरांच्या पाठीवर रिकामा केला. पाणी जसंच्या तसं खाली ओघळलं. "बघा सगळ्यांनी! पाणी आत जात नाही आणि घाम बाहेर येत नाही. तो भाकरी खाऊन गेला होता. त्याच्या आईने त्याला उपाशी नाही पाठवलं!"

सरांनी शर्ट ओरबाडून काढला. आतून ते ओलेचिंब झाले होते. ते मटकन खाली बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "चूक माझीच. मी पोरांचं ऐकलं नाही," ते सगळ्यांदेखत म्हणाले.

शेवटी सारिकाचे आजोबा, तोताराम आबा, काठी टेकत पुढे आले. "पोरी, आमी बठ्ठा आंधया व्हतूत," सगळ्या गावावरून हात फिरवत ते म्हणाले. "शाबास तुमनी! आज ही पोरे जीवानिशी वाचनात." तुकडी तिथेच थांबली आणि सगळ्या शर्टांची मैदानावर रास पडली. लोक पाठ थोपटत होते, पण सारिकाला त्यात काही गोड वाटत नव्हतं.

दुपारी आबांनी सरांना आणि तिघा मुलांना गाडीत घातलं आणि जळगाव गाठलं. स्वप्नीलने पहाटे डोळे उघडले होते. पण मूत्रपिंडांना मार बसला होता, हात थरथरत होते. डोंगर चढायचा विचार आता पुढची काही वर्षं करायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलांना आत एकेकालाच सोडलं.

"तो शर्ट कुठंय?" स्वप्नीलने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"स्टार्टरवर झाकायला ठेवलाय!" सारिका म्हणाली. तो हसला. हसतानाही त्याला धाप लागली, म्हणून ती लगेच बाहेर आली.

बाहेर हितेंद्र सर बेबाबाईपुढे हात जोडून उभे होते. "बाई, तुमचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी. गावासमोर मी ते कबूल केलंय."

बेबाबाई सारिकाकडे वळली. सारिकाने तिच्यासाठी घरून डबा आणला होता. "डबामा काय शे व, पोरी?"

"कळण्याची भाकरी आहे, काकू. आणि ठेचा."

बेबाबाईने डबा मांडीवर घेतला, भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवायला सुरुवात केली.