खांद्यावरची हजेरी

त्या दिवशी मी रोजच्यासारखा कंदिलांच्या काचा पुसत बसलो होतो. चुलीतली राख आणि जुन्या ओढणीचा तुकडा, एवढंच लागतं. घाई केली की काच तडकते, म्हणून मी घाई करत नाही.

आमची ही मुलींची निवासी शाळा संग्रामपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला आहे. मी अन्वर, इथला फाटकवाला. पोरी मला चाचा म्हणतात. माझी बायको नूरजहां इथंच स्वयंपाक करते. मी शाळेत कधी बसलो नाही, पण आयुष्य सारं शाळेच्याच दारात गेलं.

आमच्याकडं ऐन दिवेलागणीला लाईट जाते. हजेरीसाठी अंगठा लावायचं मशीन आणलं आहे, पण त्यालाच लाईट लागते! त्यामुळं सांजेची हजेरी जुन्या रीतीनं होते. प्रार्थनेच्या हॉलमध्ये पोरी एकीमागं एक बसतात. प्रत्येकीचा उजवा हात पुढच्या पोरीच्या खांद्यावर. मुख्याध्यापिका शारदा मॅडम दाराशी उभ्या राहून नाव घेतात. ज्या पोरीचं नाव आलं ती म्हणते, ‘हजर’. आणि जिचा हात तिच्या खांद्यावर आहे ती मागची पोर म्हणते, ‘खरं’. दोन्ही शब्द आले तरच हजेरी.

रांगेत शेवटी बसते तिच्यासाठी ‘खरं’ म्हणायला कोणी नसतं. तिच्या मागं फक्त भिंत. म्हणून ती जागा सगळ्यांत भरवशाच्या पोरीला देतात. यंदा ती जागा नीरजाची.

नीरजा मेहकरची. अंगानं काटकुळी, बोलणं कमी. मागं एकदा वर्गावरच्या बाईंनी चुकून तिला गणितात जास्त मार्क दिले, तर पोर स्वतः पेपर घेऊन गेली आणि कमी करून आली. पहिला नंबर गेला. नूरजहां तिला म्हणाली, “काऊन व, मिळाले होते ते ठेवायचे ना!” तर म्हणते, “चाची, ते माह्ये नव्हते.” एवढंच. वर ताट पुढं करून आणखी भाजी मागितली.

तर, त्या दिवशी मी काचा पुसत होतो आणि नळापाशी दोघी बोलत होत्या. नीरजा, आणि तिच्या पुढं बसणारी मलिहा. मलिहा पिंपळगाव राजाची. तिची अम्मी दवाखान्यात होती. पोर आधी एकदा न सांगता घरी निघून गेली होती, तेव्हा मॅडमनी बजावलं होतं, की पुन्हा अशी गैरहजर सापडलीस तर दहावीच्या परीक्षेचं हॉलतिकीट अडकवीन.

“संत्र्याच्या बगीच्याच्या राखणदाराजवळ फोन हाये,” मलिहा म्हणत होती. “अम्मीशी बोलते न येते. उशीर झालाच तर पायल माह्या आवाजात ‘हजर’ म्हणणार हाये. तू फक्त ‘खरं’ म्हण.”

“नाई.”

“माह्यं वर्ष जाईन, नीरजा!”

“म्हणून तर म्हणते, मॅडमले सांग. त्या स्वतः फोन लावून देतील.”

“त्या नाई देणार.”

“मग पळत जा न पळत ये. मी तुह्यासाठी खोटं नाई बोलणार.”

मलिहा रागानं ओढणी झटकून गेली. मला वाटलं, खोलीत गेली असेल.

सांज झाली. लाईट गेली. कुंपणापलीकडं संत्र्याला बहार आला होता. त्याचा वास अंधारात फार दाट होतो, छातीवर बसल्यासारखा. मी कंदील घेऊन हॉलच्या दाराशी उभा राहिलो. उजेड पहिल्या दोन-चार पोरींपर्यंतच पोचत होता. त्यापुढं नुसते आवाज. हजर… खरं. हजर… खरं. ऐकत राहिलं तर जप चालल्यासारखं वाटतं.

“मलिहा.”

“हजर.”

लगेच आला आवाज. स्वच्छ. थोडा दुरून आल्यासारखा, पण मलिहाचाच.

पुढं ‘खरं’ आलं नाही.

“नीरजा?” मॅडम म्हणाल्या. “खांद्यावर हात आहे ना?”

“हाये, मॅडम.”

“मग?”

रांगेतून पायल कुजबुजली, “लय आली खरं बोलणारी! म्हण ना व!” दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या.

“मॅडम…” नीरजा म्हणाली. “खांदा हाये… पण मलिहा नाई.”

हसणं बंद झालं.

“पायल, तू बोललीस का?”

“नाई, मॅडम,” पायल म्हणाली. आता तिचाही आवाज बदलला होता. “मी बोलणार होते… माह्या आधीच आवाज आला.”

“खांदा गार हाये,” नीरजा म्हणाली. “ओला हाये… चाचा, कंदील आणा.”

मी गेलो. नीरजाच्या पुढं जागा रिकामी होती. तिचा हात मात्र तसाच पुढं, हवेत, कशावर तरी टेकलेला. कंदील जवळ नेला तेव्हा तो हात एकदम खाली आला, आधार सुटावा तसा. सतरंजीवर एका माणसाच्या बसण्याएवढी जागा ओली होती.

शारदा मॅडम खंबीर बाई. त्यांनी फक्त एकच विचारलं, “ती कुठं आहे?”

आणि नीरजानं सगळं सांगितलं. फोनचं, बगीच्याचं, ‘खरं’ म्हणायला सांगितल्याचं. सांगताना रडत होती. मैत्रिणीचं वर्ष आपल्या हातानं घालवतोय हे तिला कळत होतं. तरी शब्द गिळला नाही.

मी मॅडमकडं पाहिलं, मॅडमनी माझ्याकडं. आम्हा दोघांना एकच गोष्ट आठवली. बगीच्याच्या वाटेवर जुनी विहीर आहे. पूर्वी तिला पाणी होतं. त्या काळी ही खांद्याची रीत नव्हती, नुसत्या आवाजावर हजेरी व्हायची. एक पोर सांजेला विहिरीवर गेली, आणि तिला बोलणी बसू नयेत म्हणून मैत्रिणीनं अंधारात तिच्या नावावर ‘हजर’ म्हटलं. मायेनंच म्हटलं. पण हजर असलेल्या पोरीला शोधायला कोण जातं? सकाळी पाण्यावर ओढणी दिसली. खांद्यावर हात ठेवायची रीत तेव्हापासूनची.

आम्ही निघालो. मॅडम, मी, नूरजहां, आणि वाटेत हाक मारून घेतलेला बगीच्याचा राखणदार. तो म्हणाला, “पोट्टी तर केव्हाचीच फोन करून वापस गेली!”

विहिरीचा कठडा एका बाजूनं ढासळला होता. माती ताजी होती.

“मलिहा!”

“चाचा…”

आता विहीर कोरडी आहे, तळाला पाल्याचा ढीग. त्यावर पडली म्हणून वाचली. पाय मुरगळला होता. आम्ही राखणदाराच्या बाजेला दोर बांधून खाली सोडली आणि हळूहळू वर ओढली. नूरजहांनं तिला पोटाशी धरलं.

“ओरडली काऊन नाईस, बेटी? आम्ही हजेरी घेऊन राह्यलो होतो.”

“ऐकलं ना मी,” मलिहा म्हणाली. “माह्यं नाव घेतलेलं ऐकू आलं, अगदी जवळून. मी ओरडणारच होते. पण तिनं माह्या तोंडावर हात ठेवला. म्हणे, तू नको बोलू… तुह्यासाठी मी बोलते.”

“कोणी?”

मलिहानं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

“माह्याजवळ बसली होती ती. खालीच हाये अजून. तिले पण काढा ना, चाचा…”

मॅडमनी दोराला कंदील बांधून तळापर्यंत सोडला. पाला होता. नुसता कोरडा पाला. कंदील वर घेताना दोर मात्र मला जड लागला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मलिहाला गैरहजरच लावलं. नियम मोडला नाही. पण हॉलतिकीट दिलं. म्हणाल्या, फोन मागायला पोर माझ्याकडं येऊ शकली नाही, त्यात माझीही चूक आहे. आता ऑफिसचा फोन दुपारी पोरींसाठी खुला असतो. मलिहाला शिक्षा म्हणून परीक्षेपर्यंत नूरजहांच्या हाताखाली भांडी घासायची. पायलही आपणहून बसते शेजारी. आणि जिच्यावर रागावून गेली होती, त्या नीरजाला मलिहा आता क्षणभर सोडत नाही.

मायेपोटी खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. वाईट नसतात ती. पण माया एवढी, की डोळ्यांतून पाणी गळतंय, हाताखाली भलतंच काही आहे, आणि तरी जे खरं तेच सांगायचं… ती पोर पंधरा-सोळा वर्षांची आहे. मी तिला मनातल्या मनात सलाम करतो. रोज करतो.

रोज म्हणजे, आता सांजेला हजेरीच्या वेळी मी दारात थांबत नाही. कंदील घेऊन शेवटपर्यंत जातो, नीरजाच्या बाजूला उभा राहतो. त्याला कारण आहे.

मलिहा परत रांगेत बसली त्या सांजेचीच गोष्ट. पायाला पट्टी होती. तिचं नाव आलं. “हजर.” नीरजानं हात घट्ट दाबून म्हटलं, “खरं.” पोरी हसल्या, मीही हसलो.

मग शेवटचं नाव.

“नीरजा.”

“हजर.”

इथं हजेरी संपते. मॅडम मागं वळल्याच होत्या. तेवढ्यात नीरजाच्या मागून, भिंतीच्या अंगानं, अगदी हळू आवाज आला.

“खरं.”

कोणी वळून पाहिलं नाही. नीरजानंही नाही. ताठ बसून राहिली, डोळे पुढं. मी कंदील वर केला. तिच्या मागं भिंतच होती. आणि तिच्या कुडत्यावर, उजव्या खांद्यावर, एक ओला डाग हळूहळू उमटत होता… चार बोटं पुढं, अंगठा मानेकडं.